इतिहासातून नागरिकत्वाचे शिक्षण (प्राथमिक स्तर)

इतिहासातील प्रसंग व साधने यांच्या आधारे लहान मुलांना हक्क, कर्तव्य, न्याय आणि सार्वजनिक जबाबदारी यांची ओळख करून देण्याची अध्यापनपद्धती. महाराष्ट्रात पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ आणि सहावीपासून ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ या विषयांतून ती राबवली जाते.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ वासाहतिक आहे. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी विल्यम ली-वॉर्नर यांचे ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे शालेय पुस्तक १८९७ मध्ये निघाले. राज्यव्यवस्थेची माहिती देता देता ब्रिटिश अंमलाचे फायदे मुलांच्या मनावर ठसवणे हा त्याचा रोख होता. राजवटीविषयी वाढत्या अप्रीतीच्या पार्श्वभूमीवर नागरिकशास्त्र शाळांत आले, असे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येही म्हटले आहे. दुसरे मत वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेकडे बोट दाखवते. तिच्यातून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व चालू घडामोडी सामाजिक अभ्यासात एकत्र गुंफल्या. विषयाचे नाव कोठून आले एवढेच पाहिल्यास पहिले मत ग्राह्य ठरते. पद्धतीचा विचार करता दुसरे अधिक सयुक्तिक वाटते, कारण पहिल्यात मूल प्रजाजनच राहते.

पाठ्यपुस्तक मंडळाची (बालभारती) स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात झाली. चौथीच्या ‘शिवछत्रपती’ या पुस्तकाने एका चरित्राभोवती इतिहास उभा केला, आणि राज्यकर्त्याचे रयतेशी नाते हा वर्गातील नागरिकत्वाचा पहिला धडा झाला. रांझ्याच्या पाटलाला बदअंमलाबद्दल झालेली शिक्षा (२८ जानेवारी १६४६ चे पत्र) हे त्याचे ठळक उदाहरण. ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका’ हे वाक्यही वर्गात हमखास सांगितले जाते. मात्र त्यात बहुधा शिवाजी महाराजांच्या दोन पत्रांची सरमिसळ झाली आहे. भाजीच्या देठाचा उल्लेख प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना ५ सप्टेंबर १६७६ रोजी लिहिलेल्या पत्रातला आहे. सैन्याने रयतेला उपद्रव देऊ नये ही ताकीद चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना (लष्करी अधिकाऱ्यांना) गेलेल्या पत्रातली. त्याची तारीख १९ मे १६७३ अशी देतात, १६७४ हे सालही छापलेले आढळते. पावसाळ्याची वैरण आताच उधळली तर पुढे घोडी मरतील, रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाईने ते लिहिले आहे. सार्वजनिक ठेवा कसा सांभाळावा, हे नऊ वर्षांच्या मुलाला व्याख्येपेक्षा त्या उंदरावरून लवकर कळते.

ही पत्रे अधिकाऱ्यांना लिहिलेली आहेत, हे शिक्षकाने विसरू नये. रयत दाद मागते. नागरिक दाद मागतो, शिवाय कारभारी निवडतो आणि त्याला हिशेब विचारतो. हा टप्पा गोष्टीत आपोआप येत नाही, तो शिकवावा लागतो. चांगला राजा भेटणे हे भाग्य, चांगला कारभार मिळणे हा हक्क, हा फरक चौथीच्या वर्गात मांडता येतो आणि मांडलाच पाहिजे. तो राहून गेला तर चरित्र मनात भक्तिभाव जागवते, पण ग्रामसभेत उठून प्रश्न विचारायला शिकवत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ नुसार अभ्यासक्रम राज्यघटनेतील मूल्यांशी सुसंगत असावा लागतो. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका आणि प्रतिज्ञा छापलेली असते. प्रतिज्ञा मुळात पैदीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली.

पहिली-दुसरीत इतिहास स्वतंत्र विषय नसतो. कुटुंब, गाव, सण यांतून भूतकाळाची जाणीव दिली जाते. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण व शहरी स्थानिक शासनसंस्था आणि जिल्हा प्रशासन येते. अनेक शाळांत मुले मतदान करून शालेय मंत्रिमंडळ निवडतात. पाणी, स्वच्छता, परिपाठ अशी खाती वाटून घेतली जातात.