मोरीच्या कट्ट्यावरचा कप: परदेशात शिकून नजर कशी बदलते

दीड वर्षानं भाची जर्मनीहून बडोद्याला आली. दांडिया बाजारातलं आमचं घर हे तिचं आजोळ. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिनं इथंच काढल्या. आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता तिनं विचारलं, "मामा, आपल्याकडे बेनचा कप वेगळा का असतो?"

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेनचा कप मोरीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला असतो. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. तो तिथं कधीपासून आहे, मला आठवत नाही. खरं सांगायचं तर तिनं विचारेपर्यंत तो कप मला कधी दिसलाच नव्हता. त्याच मोरीवर भाचीही पाच-सहा वर्षांची असल्यापासून हात धुवत आली आहे. तिलाही तो दिसला नव्हता. मग तिकडे असं काय घडलं, की परत आल्यावर तिची नजर नेमकी त्या कपावर गेली? गेले काही महिने मी या प्रश्नाचा पाठपुरावा करतो आहे, आणि मानसशास्त्रात त्यावर बरंच काम झालेलं आहे.

सुरुवात मेंदूपासून करू. आज बरेच मेंदूशास्त्रज्ञ असं मानतात, की मेंदू सतत अंदाज बांधत असतो. पुढच्या क्षणी काय होणार हे तो आधीच ठरवतो, डोळे-कान जे सांगतात ते त्याच्याशी ताडून बघतो, आणि अंदाज चुकला तरच लक्ष देतो. रावपुऱ्यात रस्ता ओलांडताना समोरची स्कूटर आपल्याला वळसा घालून जाणार, हे आपण गृहीत धरतो आणि बोलत बोलत पलीकडे पोचतो. लहानपणापासून जमवलेल्या अशा हजारो अंदाजांचं गाठोडं म्हणजेच एका परीनं आपली संस्कृती. अंदाज बरोबर येत राहतात तोवर ते गाठोडं आपल्या पाठीवर आहे, याचा पत्ताच लागत नाही.

परदेशात ते पहिल्याच आठवड्यात सुटतं. रात्री अकरा वाजता रस्त्यावर एकही गाडी नसताना लाल दिव्यापाशी एक म्हातारा शांतपणे उभा असलेला भाचीनं पाहिला. एका रविवारी ती रिकाम्या काचेच्या बाटल्या गल्लीतल्या मोठ्या पेटीत टाकायला गेली. पांढरी काच वेगळी, हिरवी वेगळी, तपकिरी वेगळी, एवढं ती शिकली होती. तरी शेजारच्या आजींनी तिला थांबवलं: आज रविवार आहे, शांततेचा दिवस, बाटल्यांचा आवाज होतो. भाचीला आधी अपमान वाटला, मग नवल वाटलं, आणि मग दिवसभर तिच्या डोक्यात एकच विचार घोळत राहिला, की आपल्याकडे असा कुठला दिवस आहे? त्या पहिल्या महिन्यात ती रात्री नऊलाच झोपी जायची. अभ्यास फार नव्हता. दुकानात सुटे पैसे देण्यापासून प्राध्यापकांना हाक मारण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट जाणीवपूर्वक करावी लागत होती, आणि तेवढ्यानंच ती दमून जात होती.

कल्चर शॉक हा शब्द रूढ करण्यात कालेर्वो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १९५४ साली रिओ दि जानेरोत दिलेल्या व्याख्यानात त्यानं हेच सांगितलं होतं: रोजच्या व्यवहारातल्या ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्या, की माणूस अस्वस्थ होतो. पुढच्याच वर्षी स्वेर्रे लीसगॉर या नॉर्वेच्या अभ्यासकानं अमेरिकेत राहून परतलेल्या सुमारे दोनशे देशबांधवांच्या अनुभवांवरून एक आलेख सुचवला. सुरुवातीला आनंद, मध्ये घसरण, मग पुन्हा चढ. इंग्रजी यू अक्षरासारखा हा आलेख इतका लोकप्रिय झाला, की आजही परदेशी जाणाऱ्या मुलांना तो दाखवतात. मात्र १९९८ साली न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांचा ताण अगदी सुरुवातीलाच सर्वांत जास्त आढळला. आधी मौज आणि मग त्रास, असा क्रम सर्वांच्या बाबतीत नसतो. मुलाचा पहिल्याच आठवड्यात रडवेला फोन आला तर आईवडिलांनी घाबरू नये, एवढं मी या अभ्यासाच्या आधारानं नक्की सांगेन.

पण अंदाज चुकले म्हणून माणूस दमेल. बदलेल कशावरून? जो मुळातच वेगळा असतो तोच परदेशी जातो, असंही असू शकतं. ही शंका रास्त आहे. येना विद्यापीठातल्या युलिया झिमरमान आणि फ्रान्झ नेयर यांनी ती गंभीरपणे घेतली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अकराशेहून अधिक जर्मन विद्यार्थी होते. काही जण एखाददुसऱ्या सत्रासाठी परदेशी गेले, बाकीचे घरीच राहिले. जाणाऱ्यांच्या स्वभावाची मोजणी निघण्याआधी आणि नंतरही केली. जाणारे आधीपासूनच थोडे वेगळे निघाले, जास्त बोलके. पण तो फरक वजा केल्यावरही जाऊन आलेल्यांमध्ये नव्या अनुभवांची ओढ आणि जुळवून घेण्याची वृत्ती घरी राहिलेल्यांपेक्षा जास्त वाढली आणि मनाची चलबिचल कमी झाली.

हा बदल घडला कशामुळे, तेही त्यांनी शोधलं. तिकडे जोडलेल्या, वेगळ्या देशांतल्या माणसांच्या नात्यांमधून. म्हणूनच मला वाटतं, परक्या देशात चार बडोदेकर मुलं एकाच घरात राहतात, रोज खिचडी-कढी करतात आणि सुट्टीच्या दिवशीही एकमेकांतच रमतात, तेव्हा त्यांना आधार मिळतो हे खरं, पण ज्यासाठी एवढं कर्ज काढलं त्यातला मोठा भाग हातचा जातो.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०१८ सालचा अभ्यास. हाजो अॅडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा पाहण्यांमध्ये मिळून १,८७४ जणांना तपासलं. परदेशात राहिलेल्यांना 'मी कोण आहे' याचं उत्तर जास्त स्पष्ट असतं, असं त्यांना दिसलं. अनेकांना उलट वाटतं, की परदेशात मुलगा गोंधळून जाईल, ना इकडचा ना तिकडचा. पण तिथं माणसाला पुनःपुन्हा स्वतःला विचारावं लागतं: ही गोष्ट माझी आहे, की नुसती आमच्या घरची? भाचीला तिच्याबरोबरच्या मुली पहिल्या महिन्यात विचारायच्या, "तुला काय हवंय?" आणि तिच्या तोंडून उत्तर यायचं, "घरी विचारून सांगते." कोणता विषय घेऊ, नाताळात कुठं जाऊ, केस कापू का, सगळ्याला हेच उत्तर. चौथ्या-पाचव्या वेळी तिचं तिलाच ते ऐकू आलं. पुढे तिनं काही गोष्टी सोडल्या, काही मुद्दाम ठेवल्या. संध्याकाळी दिवा लावणं तिनं ठेवलं आहे, आणि आता ते तिचं स्वतःचं आहे.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली. किती देश पाहिले यानं फरक पडला नाही, किती काळ राहिलात यानं पडला. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींतून फोटो मिळतात, पण हा प्रश्न स्वतःला विचारायची वेळ त्यात येत नाही. २००९ मध्ये विल्यम मॅडक्स आणि अॅडम गॅलिन्स्की यांनी एक जुनं कोडं वापरून जवळपास हेच दाखवलं. टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली खोकी. मेणबत्ती भिंतीवर अशी लावा, की मेण खाली सांडणार नाही. खोकी रिकामी करून, भिंतीला टाचून तिचा फडताळासारखा उपयोग करायचा, हे सुचायला खोकी म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू ही सवय मोडावी लागते. परदेशात राहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी ६० टक्क्यांना ते सुचलं, न राहिलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना. नुसता परदेश प्रवास केल्याचा मात्र काही संबंध दिसला नाही.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. २०१७ च्या एका संशोधनात असं आढळलं, की फार वेगवेगळ्या देशांचा अनुभव घेतलेल्यांमध्ये छोट्या-मोठ्या लबाडीचं प्रमाण वाढू शकतं. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, मग कुठलाच नियम पक्का नाही, असं मन म्हणू लागतं. गाठोडं सुटलं, की त्यातून काय उचलायचं हे माणसावर येतं.

या विषयावर बडोद्यात बसून लिहायचं आणि कमाटीबागेपर्यंत जायचं नाही, हे मला जमणार नाही. १९१३ साली, बाविसाव्या वर्षी, भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. ज्या सयाजीराव महाराजांनी ही शिष्यवृत्ती दिली ते स्वतः १९०६ साली अमेरिकेत जाऊन तिथली वाचनालयं पाहून आले होते, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून त्यांनी संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं केलं. डोळे उघडे ठेवून फिरलेल्या राजानं एका विद्यार्थ्याला पाठवलं होतं.

मे १९१६ मध्ये आंबेडकरांनी कोलंबियातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीतच लग्न करण्याचा नियम हा जातीचा गाभा आहे, अशी त्यांची मांडणी होती. ज्या व्यवस्थेत जन्मापासून सोसलं, ती हजारो मैलांवरून एखाद्या यंत्रासारखी उघडून तिचा चाप कुठं आहे ते दाखवणं! अंतर माणसाला काय देऊ शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आणि परतीचंही. सप्टेंबर १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. स्टेशनावर उतरल्यावर, आता राहायचं कुठं, या प्रश्नानं ती जाणीव परत आली. पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर लोक काठ्या घेऊन दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प त्यांनी तिथं केला असं मानतात, म्हणून ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

परतीच्या धक्क्यावर जॉन आणि जीन गलाहॉर्न या समाजशास्त्रज्ञांनी १९६३ साली लिहिलं. यू अक्षराला पुढे आणखी एक यू जोडावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. जाताना सगळं वेगळं असणार अशी मनाची तयारी असते, पण घरी परतताना कुणी तयारी करत नाही. आपण बदललेलो असतो आणि घर होतं तिथंच असतं. आंबेडकरांच्या बाबतीत 'धक्का' हा शब्द फारच लहान आहे, हे मला कळतं. तिथं मनाच्या समायोजनाचा प्रश्न नव्हता, शहराच्या क्रूरतेचा होता. भाचीची अस्वस्थता त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण कपाकडे बोट दाखवणारी तिची नजर मला त्याच वाटेवरची वाटते.

सगळ्यांना जाणं परवडत नाही, हेही आहेच. गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ साली मांडलं होतं, की वेगळ्या समूहातल्या माणसांशी बरोबरीच्या नात्यानं संपर्क आला तर पूर्वग्रह कमी होतात. पुढे २००६ मध्ये थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले आणि त्याला दुजोरा दिला. आपल्या सयाजीराव विद्यापीठात कितीतरी देशांतली मुलं शिकायला येतात. फतेहगंजात ती रोज दिसतात. त्यांच्यापैकी किती जण आपल्या घरी जेवून गेली, हे मी माझ्यापुरतं मोजलं. एकही नाही.

भाची परत जायच्या आदल्या दिवशी तिनं चहा केला आणि आमच्या नेहमीच्या कपांतल्या एका कपातून बेनला दिला. आई दारात उभी होती, काही बोलली नाही. बेननं कपाकडे पाहिलं, मग भाचीकडे. "रहेवा दो ने, मने आ ज फावे छे," ती म्हणाली. राहू द्या ना, मला हाच बरा पडतो. कट्ट्यावरचा निळ्या फुलांचा कप तिनं सुलटा केला, चहा त्यात ओतून घेतला आणि उभ्या उभ्या प्यायली.