दुपार स्वस्त, संध्याकाळ महाग

राष्ट्रीय सौर मिशनचे पहिले लिलाव २०१०च्या डिसेंबरात झाले, तेव्हा सौर विजेचा भाव युनिटला ११-१२ रुपयांच्या आसपास निघाला होता. बरोबर दहा वर्षांनी गुजरातच्या एका लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. इतका तळाचा भाव पुढे टिकला नाही, पण नवी वीज घ्यायची तर उन्हाइतकी स्वस्त दुसरी नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं. २०१४मध्ये देशात जेमतेम अडीच-पावणेतीन हजार मेगावॉट सौरक्षमता होती. जानेवारी २०२५मध्ये तिने एक लाखाचा टप्पा ओलांडला.

यामागे कुठला एक चमत्कारी शोध नाही. सिलिकॉनच्या चकतीवर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहते, हे बेल प्रयोगशाळेने १९५४मध्येच दाखवलं होतं. त्यानंतर चकत्या पातळ होत गेल्या, कारखाने अवाढव्य झाले (बहुतेक चीनमध्ये) आणि जगातलं एकूण उत्पादन दुप्पट झालं की पॅनेलची किंमत साधारण वीस टक्क्यांनी उतरायची, हा क्रम चाळीसेक वर्षं चालू राहिला.

पॅनेलला ऊन हवं असतं, उष्मा नको. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. विदर्भात मे महिन्यात पॅनेलच्या आतला सेल सहज ६५ अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे छपरावरचं ५०० वॉटचं पॅनेल भर दुपारी कडक उन्हातही ४३०च्या घरात अडकतं. वर धूळ बसली असेल तर आणखी खाली.

खरी अडचण मात्र घड्याळाची आहे. सौर वीज दुपारी भरमसाट येते आणि आपली मागणी चढते दिवेलागणीला. राजस्थानात वीज बाहेर नेणाऱ्या पुरेशा वाहिन्या नसल्याने काही प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करायला सांगावं लागलं आहे. संध्याकाळी सातनंतर त्याच ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, कोळसा आणि धरणांकडे बघावं लागतं. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवाल्या (कुठल्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणाऱ्या मीटरच्या) घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते, ती याच कारणाने. वॉशिंग मशीन दुपारी लावा, असंच ते सांगणं आहे.

भंडारदऱ्याजवळचा घाटघरचा जलविद्युत प्रकल्प या उलथापालथीचं चांगलं उदाहरण. घाटमाथ्यावर एक धरण, खाली कोकणात चोंढ्याला दुसरं, मधे चारशे मीटरहून अधिक उतार. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८च्या सुमारास सुरू झाला तेव्हाचा हिशेब सोपा होता: रात्री मागणी कमी, औष्णिक वीज फालतू पडलेली, तेव्हा पाणी वर चढवायचं आणि गर्दीच्या वेळी खाली सोडून वीज करायची. जाता-येता पाव-पंचमांश वीज खर्ची पडते, तरी परवडतं. आता फालतू वीज दुपारी असते, तेव्हा पाणी चढवायची सोयीची वेळही दुपारच. सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प आखले जात आहेत, त्यामागे हेच गणित आहे. बॅटऱ्याही २०१०च्या तुलनेत सुमारे नव्वद टक्क्यांनी स्वस्त झाल्यात, पण त्यांचा भर दोन-चार तासांवर. पावसाळ्यात आठवडाभर आभाळ भरलेलं असेल, तर त्या पुरणार नाहीत.

माझ्या मते महाराष्ट्राकडची सगळ्यात मोठी ‘बॅटरी’ म्हणजे कृषिपंप. विहिरीवरची मोटर सातला चालली काय नि बाराला चालली काय, पिकाला फारसा फरक पडत नाही. वर्षानुवर्षं शेतीला आलटूनपालटून रात्रीची वीज मिळाली आणि शेतकरी विंचू-सापांच्या, कुठे बिबट्याच्या धाकात दारं धरायला गेला. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला (शेतीपंपांच्या वेगळ्या वाहिनीला) दिवसाच वीज द्यायची, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची कल्पना मला म्हणूनच छपरावरच्या पॅनेलपेक्षा मोलाची वाटते. साठवण न करताच मागणी उन्हात सरकते.

धोका एकच, आणि तो विजेचा नाही, जमिनीतल्या पाण्याचा आहे. शेतात स्वतःचा सौरपंप असला की मोटर चालवायला पुढे पैसा लागत नाही, त्यामुळे ती बंद करायलाही कारण उरत नाही. जिथे बोअर आधीच सहाशे-सातशे फुटांवर गेले आहेत, तिथे पंपासोबत ठिबकची अट घालायला हवी.