हाडाचा वैमानिक आणि घडवलेला वैमानिक

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश प्रशिक्षक आपल्या शिकाऊ मुलांना 'हूण' म्हणत. जर्मनांना हिणवायचं ते नाव. शिकाऊ पोरगाही शत्रूइतकाच आपल्या जिवावर उठतो, असा त्यामागचा भाव. शिकवायला बहुधा आघाडीवरून थकून परतलेले वैमानिक असत. थोडा वेळ सोबत उडायचं आणि मुलाला एकटं सोडायचं. अंगात असेल तो तरेल. विमान गिरकी घेत कोसळू लागलं तर काय करायचं, हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसे.

ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट स्मिथ-बॅरी फ्रान्समध्ये स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, सांभाळत होता, तेव्हा अशी अर्धवट शिकलेली मुलं त्याच्याकडे लढायला येत. ते त्याला असह्य झालं. डिसेंबर १९१६ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टची प्रशिक्षण स्क्वॉड्रन त्याच्या हाती आली. त्याने दुहेरी नियंत्रणांची अॅव्रो ५०४ विमानं वापरली, विद्यार्थ्याला वैमानिकाच्याच जागेवर बसवलं आणि इंजिनाच्या आवाजातही बोलता यावं म्हणून दोघांमध्ये रबरी नळी जोडली. विमान मुद्दाम गिरकीत घालून बाहेर काढायला शिकवलं. पण त्याचं खरं मोठेपण मला पुढच्या पावलात दिसतं. १९१७ मध्ये गॉस्पोर्टची शाळा प्रशिक्षकांनाच घडवू लागली.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिक हजारोंनी हवे होते, त्यामुळे निवडीचा प्रश्न पुढे आला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या गटाने चाचण्या घेऊन उमेदवारांना १ ते ९ अशी श्रेणी द्यायला सुरुवात केली. या चाचण्या खऱ्या ठरतात का, हे बघण्यासाठी १९४३ मध्ये हजाराहून अधिक उमेदवार श्रेणी न बघता प्रशिक्षणाला पाठवले गेले. तळाच्या श्रेणीतले जवळजवळ सगळे गळाले. श्रेणी वाढत गेली तसे टिकणारेही वाढले. उपजत गुण खोटा नव्हता.

तरी नुसत्या गुणांवर हवाई दल उभं राहत नाही, हे त्याच युद्धात दिसलं. जर्मनी आणि जपानने आपले पट्टीचे वैमानिक बहुधा मरेपर्यंत आघाडीवर ठेवले. अमेरिकेने आपले अनेक अनुभवी वैमानिक माघारी बोलावून शिकवायला बसवले. युद्धाच्या अखेरीस जपानी आणि जर्मन मुलं जेमतेम उड्डाण शिकून आकाशात जात होती. इंधनही नव्हतं आणि शिकवणारेही संपत आले होते.

हा धडा अमेरिकेलाही पुन्हा गिरवावा लागला. क्षेपणास्त्रांच्या भरवशावर जवळच्या हवाई लढतीचा सराव मागे पडला आणि व्हिएतनाममध्ये त्याची किंमत मोजावी लागली. १९६८ मध्ये नौदलाचे कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी या अपयशाचा अभ्यास करून अहवाल तयार केला आणि मार्च १९६९ मध्ये नौदलाने कॅलिफोर्नियातल्या मिरामारला लढाऊ वैमानिकांची शाळा काढली. निवडक वैमानिकांनी इथे शिकायचं आणि आपापल्या स्क्वॉड्रनला जाऊन इतरांना शिकवायचं. हे गॉस्पोर्टचंच सूत्र.

अमेरिकी हवाई दलाच्या अभ्यासात दिसलं होतं की पहिल्या दहाएक मोहिमा पार पडल्या की वैमानिक वाचण्याची शक्यता बरीच वाढते. मग त्या दहा मोहिमा घरीच का लढू नयेत? १९७५ मध्ये नेवाडातल्या नेलिस तळावर 'रेड फ्लॅग' सराव सुरू झाला. तिथे शत्रूची भूमिका आपलेच सहकारी करतात. उतरल्यावर प्रत्येक चूक सगळ्यांसमोर पुन्हा तपासली जाते.