अस्थानी आलेले हसू : कठीण दिवसांतल्या एका विसाव्याची पार्श्वभूमी

वडिलांना रुग्णालयात ठेवून पाच दिवस झाले होते. निदान अजून पक्के नव्हते, आम्ही भावंडे पाळीपाळीने रात्री जागत होतो, आणि एकमेकांशी बोलणे उरले होते ते औषधांच्या वेळा, तपासण्या आणि पैसे एवढ्यापुरतेच. त्या सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले, धाकटा भाऊ अदबीने उठून उभा राहिला आणि वडिलांची नजर त्याच्या पायांकडे गेली. उजव्या पायात त्याची स्वतःची काळी चप्पल होती आणि डाव्या पायात बहिणीची, मण्यांची, दोन बोटे आखूड. पहाटे अंधारात त्याने जी सापडली ती पायात सरकवली होती आणि तशाच पायांनी तो दोन मजले चढून आला होता. वडील क्षीण आवाजात म्हणाले, "डॉक्टर, याचेही निदान करून टाका." पहिली उबळ बहिणीला आली, मग मला, आणि मग डॉक्टरांनाही हसू आवरेना. आजार होता तिथेच होता. तरी त्या दुपारी आम्ही तिघे पाच दिवसांत पहिल्यांदा एकत्र बसून जेवलो, आणि आदल्या दिवशी ज्या प्रश्नावरून आमचा आवाज चढला होता तो प्रश्न दहा मिनिटांत सुटला.

असा प्रसंग ज्याच्या वाट्याला आला नाही असा माणूस विरळा. तरीही अशा हसण्याबद्दल माणसाला थोडी लाजच वाटत आली आहे. "ही काय हसायची वेळ आहे?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले असते आणि कधी तरी उच्चारलेलेही असते. दुःखाच्या, काळजीच्या दिवसांत अवचित फुटलेले हसू हा दोष आहे की आधार, या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे, आणि त्याचे उत्तर हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेले आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या भरताच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिली जोडी उत्तम प्रकृतीच्या पात्रांची, दुसरी मध्यम आणि तिसरी अधम. यांतील अपहसिताचे वर्णन मला फार जवळचे वाटते. जे अस्थानी येते, ज्यात डोळे पाण्याने भरतात आणि खांदे व डोके गदगदू लागतात, ते अपहसित. त्या खोलीतले आमचे हसणे याहून नेमके कोणी सांगू शकणार नाही. ही प्रतवारी नटाने कोणत्या पात्राला कसे हसवावे यासाठी आहे, माणसांच्या योग्यतेचा निवाडा म्हणून नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण अस्थानी येणारे हसू खालच्या पायरीवर बसवले गेले, एवढे खरे. याच अध्यायात हास्य कशातून उपजते हेही सांगितले आहे, आणि त्यात विपरीत अलंकार आणि विकृत वेष यांना मानाचे स्थान आहे. भलत्याच पायात गेलेली मण्यांची चप्पल भरताच्या नजरेतून सुटली नसती. शिवाय त्याने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असेही दोन भेद केले आहेत : माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. हसणे एकट्यापुरते राहत नाही, हे तेव्हाच ध्यानात आले होते.

ग्रीक परंपरेत अॅरिस्टॉटलने हास्यास्पद गोष्टीची व्याख्या करताना एक अट घातली : ती चूक किंवा कुरूपता अशी हवी की जिच्यामुळे कोणाला वेदना होत नाही, कोणाचे नुकसान होत नाही. ही अट पुढे शतकानुशतके दुर्लक्षित राहिली. इंग्लंडमध्ये थॉमस हॉब्स याने 1651 मध्ये हसण्याकडे पाहिले ते विजयाच्या भावनेतून : दुसऱ्याचे व्यंग दिसताच आपण त्याच्याहून सरस आहोत असे अवचित जाणवते आणि हसू फुटते, असे त्याचे म्हणणे. टिंगलीच्या हसण्याला हे लागू पडते. कठीण आठवड्यातल्या हसण्याला ते लागू पडत नाही, कारण तिथे कोणी जिंकलेले नसते. तरीही हॉब्सने एक गोष्ट अचूक हेरली होती, ती म्हणजे आकस्मिकता.

आकस्मिकतेला खरे महत्त्व दिले ते इमॅन्युएल कांट याने, 1790 मध्ये. ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी विरून जाते आणि काहीच उरत नाही, त्या क्षणी हसू येते, असे त्याने मांडले. त्याच विवेचनात तो फ्रेंच लेखक व्हॉल्तेरचे एक मत आठवतो : जीवनातल्या अनेक कष्टांची भरपाई म्हणून दैवाने माणसाला दोन गोष्टी दिल्या, आशा आणि झोप. कांट म्हणतो की यात हसण्याचीही भर घालता आली असती. शिस्तीच्या दिनक्रमासाठी प्रसिद्ध असलेल्या या तत्त्वज्ञाने हसणे आशेच्या आणि झोपेच्या पंक्तीला बसवावे, ही मला या इतिहासातली फार मोलाची घटना वाटते. हसण्याने आतडी आणि श्वासपटल हलतात आणि शरीराला बरे वाटते, हेही त्याने नोंदवले होते.

शरीराचा हा धागा पुढे नेला हर्बर्ट स्पेन्सर याने, 1860 मधील हसण्याच्या शरीरशास्त्रावरील निबंधात. त्याने दिलेले उदाहरण आजही डोळ्यांसमोर उभे राहते. रंगभूमीवर नायक-नायिका दीर्घ गैरसमजानंतर एकमेकांजवळ येत आहेत, प्रेक्षक श्वास रोखून पाहत आहेत, आणि तेवढ्यात पडद्याआडून एक माणसाळलेले करडू येते, प्रेक्षकांकडे टकमक पाहते, आणि मग त्या दोघांजवळ जाऊन त्यांना हुंगू लागते. सगळे नाट्यगृह हसते. स्पेन्सरच्या मते त्या भावनाभरल्या प्रसंगासाठी मज्जासंस्थेत साठलेली शक्ती करडाच्या येण्याने अकस्मात निरुपयोगी ठरते, आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे चेहऱ्याच्या व श्वासाच्या स्नायूंतून, बाहेर पडते. वाफेच्या यंत्रांच्या युगात ही कल्पना लोकांना लगेच पटली. हसलो आणि ताण निघून गेला, असे आपण आजही म्हणतो ते याच चित्राच्या आधारे. मात्र हे चित्र जसेच्या तसे खरे नाही. मज्जासंस्थेत भावना वाफेसारखी कोंडून राहत नाही, आणि तशी राहत असती तर ओरडून किंवा आदळआपट करूनही तेवढेच बरे वाटले असते.

सिग्मंड फ्रॉइड याने 1905 च्या ग्रंथात स्पेन्सरचाच हिशेब पुढे चालवला, पण 1927 च्या छोट्या लेखात तो वेगळ्या ठिकाणी पोचला. दोन्हीकडे त्याने एकच उदाहरण दिले आहे : सोमवारी सकाळी फाशीच्या तख्ताकडे नेला जाणारा कैदी म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर छान झाली. कठीण आठवड्याचे याहून टोकाचे उदाहरण कोणते असेल? त्या लेखात फ्रॉइड सांगतो की विनोदाच्या क्षणी मनाचा वडीलधारा भाग भेदरलेल्या भागाशी आईबाप लेकराशी बोलतात तसा बोलतो : हे बघ, ज्याला तू एवढा घाबरतोस ते जग पोरखेळाइतकेच आहे. हे लिहिताना फ्रॉइडला जबड्याच्या कर्करोगाचे निदान होऊन चार वर्षे झाली होती. म्हणूनही असेल, पण या लेखातला माणूस हसून मोकळा होत नाही, त्याला धीर दिला जातो. वाफ बाहेर पडण्याच्या कल्पनेपेक्षा ही कल्पना अनुभवाला कितीतरी अधिक जुळते.

ती किती खोल आहे हे व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाच्या आठवणींतून कळते. नाझी छळछावण्यांतून वाचून आल्यावर 1946 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने विनोदाला जीव जगवण्याच्या लढाईतले एक शस्त्र म्हटले आहे. बांधकामावर शेजारी राबणाऱ्या एका मित्राशी त्याने करार केला होता की सुटकेनंतर घडू शकेल अशी एक तरी गमतीची गोष्ट रोज रचायची. त्यांतली एक कल्पना अशी की पुढे कधी कोणाकडे मेजवानीला गेल्यावर आपण भान हरपून यजमानीणबाईंना विनवू, सूप तळातून वाढा. छावणीत ज्याला तळातले सूप मिळे त्यालाच वाटाण्याचे चार दाणे लाभत. या गोष्टीत भूक लपवलेली नाही. तीच भूक उद्याच्या मेजवानीच्या टेबलावर नेऊन ठेवली आहे, आणि तेवढ्यापुरती ती भूतकाळातली झाली आहे.

पुढे हा विषय वैद्यकाकडे गेला. अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स 1964 मध्ये सांध्यांच्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळले. 1976 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लिहिले की विनोदी चित्रफिती पाहून दहा मिनिटे पोटभर हसल्यावर त्यांना दोन तास वेदनारहित झोप लागे. मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी 1995 मध्ये पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. तिथे पुढे विनोद सांगणे थांबले आणि ठरवून हसण्याचा व्यायाम सुरू झाला. या प्रयत्नांनी अनेकांना बरे वाटले याबद्दल मला आदर आहे. पण इथे हसण्याला मात्रा आणि वेळ मिळाली आणि त्यातले अवचितपण गळून गेले. शिवाय हसण्याने रोग बरे होतात या दाव्याला भक्कम पुरावा फारसा मिळाला नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी 2001 मध्ये घेतलेल्या आढाव्यातही हेच दिसले.

त्याच मार्टिन यांचे 1983 चे, हर्बर्ट लेफकोर्ट यांच्यासह केलेले संशोधन मात्र आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. आयुष्यात वाईट घटना वाढल्या की मनःस्थिती ढासळते. ज्यांच्या अंगी विनोदाची जाण अधिक होती त्यांच्यात हा संबंध सैल पडलेला दिसला. 1998 मध्ये बार्बरा फ्रेड्रिकसन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी लोकांना आधी भीतिदायक दृश्ये दाखवली आणि लगेच दुसरी चित्रफीत दाखवली. जिच्यात गंमत किंवा समाधान होते ती पाहणाऱ्यांचे वाढलेले ठोके आणि रक्तवाहिन्यांचा ताण इतरांपेक्षा लवकर पूर्ववत झाला. गमतीने भीती पुसली गेली नव्हती. भीतीने चढवलेले शरीर लवकर खाली उतरले होते.

याहून हृद्य अभ्यास डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांचा, 1997 मधला. जोडीदाराच्या मृत्यूला सहा महिने झालेल्या स्त्री-पुरुषांना त्यांनी त्या व्यक्तीबद्दल बोलते केले आणि चेहऱ्यांचे बारकाईने निरीक्षण केले. एकोणिसाव्या शतकात ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले होते की मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो. असे खरे हसू बोलता बोलता ज्यांच्या चेहऱ्यावर उमटले, त्यांना दुःखाचा जाच कमी होता आणि त्यांची नातीही अधिक सुदृढ होती. अनोळखी लोकांनाही अशा माणसांबद्दल अधिक आपुलकी वाटली. गेलेल्या माणसाच्या आठवणीने हसणाऱ्या विधवेकडे किंवा विधुराकडे भुवया उंचावून पाहणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर लक्षात घ्यावा.

आणि हसण्याचाच अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक जागी कान देऊन हसण्याचे सुमारे 1200 प्रसंग टिपले आणि 1993 मध्ये निष्कर्ष मांडले : हसण्याआधी उच्चारलेल्या वाक्यांपैकी 20 टक्क्यांहूनही कमी वाक्यांत विनोद म्हणावे असे काही होते. बाकी सगळी साधी, रोजची वाक्ये. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो, हेही त्यांनीच दाखवले. आमच्या वडिलांचे वाक्य कागदावर लिहिले तर त्यात फारसे काही नाही. ते त्या खोलीत, त्या पाच दिवसांनंतर, त्या माणसाच्या तोंडून आले म्हणून त्याला बळ होते.

ताणाच्या काळातले प्रत्येक हसू असे सुखाचे नसते, हेही सांगितले पाहिजे. 1962 मध्ये तेव्हाच्या टांगानिकातील, म्हणजे आजच्या टांझानियातील, काशाशा या गावी मुलींच्या शाळेत हसण्याची साथ पसरली आणि शाळा बंद ठेवावी लागली; ते हसणे आनंदाचे नव्हते, मुलींना ते थांबवता येत नव्हते आणि त्यांना त्याचा त्रासच होत होता. वेदनेत असलेल्या माणसाला "जरा हस बघू" असे म्हणणेही असेच निष्फळ ठरते. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन यांनी 2010 मध्ये मांडले की काहीतरी बिनसलेले दिसते आणि त्याच क्षणी ते निरुपद्रवी आहे हेही कळते, तेव्हा हसू येते. अॅरिस्टॉटलची विसरलेली अट अशी पुन्हा उजेडात आली. कठीण आठवड्यात बिनसलेल्या गोष्टींना तोटा नसतो, पण त्यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट घात करणारी असते. अशा दिवसांत एखादी चूक पूर्णपणे निरुपद्रवी निघते, तीही सर्वांच्या डोळ्यांदेखत, तेव्हा इतके दिवस फक्त धोकाच हुडकणारी नजर एका भलत्याच चपलेवर येऊन थांबते.

वडिलांचे निदान त्या सकाळनंतर तिसऱ्या दिवशी आले. ते आम्हाला ज्याची धास्ती होती तेच होते. भावाने तोपर्यंत चपला बदलल्या होत्या, पण अहवाल वाचून झाल्यावर वडिलांनी पहिल्यांदा त्याच्या पायांकडेच पाहिले, आणि आम्हीही.