हवा पोचत नाही तिथेच गंज का?

लोखंड गंजतं ते ऑक्सिजन आणि पाण्यामुळे, हे शाळेत सगळेच शिकतो. त्यावरून पुढचा समज आपसूक होतो: जिथे हवा जास्त, तिथे गंज जास्त. जुन्या अमेरिकन मसल कार (ताकदवान इंजिनाच्या गाड्या) खोलून बसणाऱ्यांचा अनुभव मात्र नेमका उलटा असतो. १९६९ ची शेव्हर्ले कॅमारो घ्या. पुढच्या मडगार्डचा वारा खाणारा भाग बऱ्यापैकी शाबूत, आणि चाकामागे खालच्या टोकाला, जिथे वर्षानुवर्षं चिखल-पाचोळा ठासून बसलेला असतो, तिथे पत्र्याची चाळण!

या कोड्याचं उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबात दाखवलं. घासून लख्ख केलेल्या पोलादी पत्र्यावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. पाण्यात दोन दर्शकं मिसळलेली होती: अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलिन, आणि विरघळलेलं लोह भेटलं की निळं पडणारं पोटॅशियम फेरिसायनाइड. थोड्याच वेळात थेंबाची कड गुलाबी झाली आणि मध्यभाग निळा. म्हणजे लोखंड विरघळत होतं ते मध्यभागी, हवेपासून सगळ्यात लांब!

लोखंडाचा अणू विरघळताना दोन इलेक्ट्रॉन मागे सोडतो. ते घेणारं कुणी असेल तरच व्यवहार पुढे सरकतो. घेणारा असतो ऑक्सिजन. तो पाण्याच्या साथीने इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड, म्हणजेच अल्कली, बनवतो. थेंबाच्या पातळ कडेला ऑक्सिजन मुबलक, म्हणून घेण्याचं काम तिथे. देण्याचं काम मध्यभागी. इलेक्ट्रॉन पत्र्यातून जातात, आयन पाण्यातून, आणि एका थेंबाखाली चक्क बॅटरी तयार होते. तपकिरी गंज बसतो तो या दोहोंच्या मधल्या कड्यावर. गंज दिसतो एकीकडे, पत्रा झिजतो दुसरीकडे.

मडगार्डातला ओला चिखल म्हणजे या थेंबाचा मध्यभाग. त्यात ओहायो, मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. लोहाच्या धन आयनांकडे क्लोराइडचे ऋण आयन ओढले जातात. आत लोह क्लोराइड साचतं, त्याची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होतं, आम्लामुळे आणखी लोह विरघळतं आणि आणखी क्लोराइड आत येतं. एकदा सुरू झालं की हे चक्र स्वतःच स्वतःला पोसतं. हीच गाडी कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागात वाढली असेल तर तिचा पत्रा पन्नास वर्षांनंतरही ठणठणीत सापडतो.

आता रंगाकडे या. रंगाचा थर जलरोधक असतो, ही दुसरी गैरसमजूत. पाणी आणि ऑक्सिजन त्यातून हळूहळू झिरपतातच. ओरखडा पडला की उघड्या पत्र्यावर लोखंड विरघळू लागतं आणि आजूबाजूच्या रंगाखाली हायड्रॉक्साइड साचतं. ही अल्कली रंग आणि पत्र्यामधली पकड सोडवते, म्हणून ओरखड्यापासून बोटभर लांबही रंग फुगलेला दिसतो. वरवर पॉलिश पेपर मारून, पुट्टी भरून, स्प्रे मारला तर खड्ड्यांत दडलेलं मीठ तसंच राहतं आणि परासरणाने पाणी आत खेचत बसतं. पुढच्याच पावसाळ्यात फोड हजर.

म्हणूनच पुढचे भाग सोडवून रंगवणं हे नुसतं हौशीचं काम नाही. कॅमारोची पुढची मडगार्डं, बॉनेट आणि बंपरखालचा पत्रा बोल्टने बसवलेले असतात (मागचे बाजूचे पत्रे मात्र वेल्डिंगचे). बिजागऱ्यांच्या जागा आणि बोल्टांखालच्या पट्ट्या आधी खुणा करून ठेवाव्यात, नाहीतर फटी पुन्हा सारख्या जुळवताना नाकी नऊ येतात. मग पत्रा उघडा करायचा, खड्डे तळापर्यंत साफ करायचे, मीठ धुऊन काढायचं, पूर्ण सुकवायचं आणि लगेच दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. आतली बाजू, दुमडलेल्या कडा आणि बोल्टांची भोकं यांना बाहेरच्या चकाकीपेक्षा जास्त वेळ द्यावा.

बॅटरीला जोडायची ‘गंजरोधक’ इलेक्ट्रॉनिक डबी विकणारेही भेटतील. विद्युतप्रवाहाने पोलाद वाचवता येतं हे खरंच. जहाजांचे तळ आणि जमिनीखालच्या नळवाहिन्या तशाच राखतात. पण त्यासाठी सगळा पत्रा समुद्राच्या पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडालेला हवा, म्हणजे प्रवाहाला वाट मिळते. हवेत उभ्या गाडीला ती वाटच नाही. बॉनेटखाली लिंबू-मिरची बांधली तरी फरक तेवढाच पडेल, आणि ती स्वस्त पडेल.

जोडणी करताना बोल्ट आवळले की वॉशरखालचा ताजा रंग चिरडतो. तिथे प्रायमरचा हात द्यायचा आणि सांध्यांत मेण सोडायचं. मडगार्डाच्या तळाशी पाणी निघून जायची वाट मात्र सीलंटने बुजवायची नाही. ती बुजली की आत पुन्हा ओला चिखल साचतो.