बेटावर मुक्काम कुठे? या प्रश्नामागची शंभर-सव्वाशे वर्षं

बेटावर सुट्टीला जायचं ठरलं की लगेच घोळ सुरू होतो. समुद्राला लागून राहायचं की गावात? रिसॉर्ट घ्यायचं की कुणाच्या घरातली खोली? बेटाची ही बाजू बरी की ती? नकाशावर हे पर्याय जणू निसर्गानेच मांडून ठेवल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात बोटकंपन्या, वारा, धावपट्ट्या आणि सरकारी आराखडे यांनी ते तिथे आणून ठेवले आहेत.

मुळात किनारा ही हौसेने राहायची जागाच नव्हती. 19व्या शतकात उष्ण कटिबंधातल्या बेटांवर आलेल्या युरोपीयांना सखल किनारा म्हणजे तापाचं घर वाटे. श्रीलंकेत ते हवापालटासाठी नुवारा एलियाला, म्हणजे जवळपास 1,900 मीटर उंचीवर जात. बेटवासीयांनाही समुद्रालगतच्या जमिनीचं विशेष अप्रूप नव्हतं. बालीत डोंगराकडची दिशा, ‘काजा’, पवित्र मानतात. समुद्राकडच्या ‘केलोद’ला तो मान नाही. मोठी हॉटेलं उभी राहिली ती बंदरांच्या शहरांत. कोलंबोचं गॉल फेस 1864 सालचं, सिंगापूरचं रॅफल्स 1887 सालचं. रॅफल्स ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव बीच रोड. ते बांधलं तेव्हा समोर समुद्र होता. पुढे भराव पडत गेले आणि समुद्र लांब सरकला. पत्त्यात ‘बीच’ आहे म्हणून हुरळून जाऊ नये, ते असं.

किनाऱ्यावरच्या सुट्टीचा साचा घडला तो हवाईमधल्या वाइकीकीत. इथे 1901 मध्ये मोआना हॉटेल उघडलं तेव्हा मागे अळूची शेतं, भातखाचरं आणि बदकांची तळी होती. 1920च्या दशकात आला वाई कालवा खणून ही पाणथळ जमीन कोरडी केली, वर भराव टाकला आणि बांधकामाला जागा झाली. 1927 मध्ये रॉयल हवाईयन हॉटेल आलं. त्यामागे मॅटसन ही बोटकंपनी होती. आलिशान बोटीतून आणलेल्या उतारूंना उतरवायला तितकंच आलिशान ठिकाण हवं होतं. मुक्काम कुठे करायचा, हे बोटीच्या तिकिटाबरोबरच जवळजवळ ठरून जायचं.

वाइकीकीला आणखी एक गोष्ट लाभली: आडोसा. या पट्ट्यात व्यापारी वारे बहुतेक काळ ईशान्येकडून वाहतात. डोंगराची वाऱ्याकडची बाजू पाऊस अडवते आणि हिरवीगार होते. पलीकडची बाजू कोरडी राहते. फरक किती असावा? हवाई बेटावर वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या हिलोत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर त्याच बेटाच्या कोहाला किनाऱ्यावर काही ठिकाणी जेमतेम 250. म्हणूनच रिसॉर्टांच्या रांगा कोरड्या बाजूला दिसतात. माउई बेटावरचं कानापली हे 1960च्या दशकात आखून वसवलेलं रिसॉर्ट-क्षेत्र याच बाजूला, एका साखर कंपनीच्या जमिनीवर उभं राहिलं. जाहिरातीतलं हिरवं जंगल आणि जाहिरातीतलं ऊन एकाच खिडकीतून क्वचितच मिळतं.

मग जेट विमानं आली आणि बंदराची जागा धावपट्टीने घेतली. बालीत हा बदल स्पष्ट दिसतो. डच काळात प्रवासी उत्तरेकडच्या बुलेलेंग बंदरात उतरत आणि बोटकंपनीने 1928 मध्ये देनपसार गावात बांधलेल्या बाली हॉटेलात राहत. 1966 मध्ये जपानी युद्धभरपाईच्या पैशातून सानूरच्या किनाऱ्यावर दहा मजली बाली बीच हॉटेल झालं. ते इतकं खुपलं की पुढे इमारतींची उंची माडाइतकी, म्हणजे साधारण 15 मीटर, ठेवण्याचा नियम आला. 1969 मध्ये दक्षिणेचा विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. 1971च्या पर्यटन आराखड्याने पाहुण्यांना विमानतळाजवळच्या नुसा दुआ या विरळ वस्तीच्या, रुक्ष टोकाला एकत्र ठेवायचं सुचवलं, म्हणजे बाकी बेटाच्या संस्कृतीला धक्का लागणार नाही. तिथलं पहिलं मोठं हॉटेल 1983 मध्ये सुरू झालं. तोवर पाठीवर पिशव्या लावून आलेली तरुण मंडळी कुटा या गावातल्या ‘लोसमेन’मध्ये, म्हणजे घरगुती निवासांत, पसरलीही होती. माणसं आराखड्याप्रमाणे झोपत नाहीत!

पाण्यावरच्या खोल्यांची गोष्ट मात्र मला सगळ्यांत गमतीची वाटते. फ्रेंच पॉलिनेशियात तीन अमेरिकन मित्र हॉटेलं चालवत. रायाटेआ बेटावरच्या त्यांच्या जागेला धड वाळूचा किनाराच नव्हता. तेव्हा 1967 मध्ये त्यांनी खांब रोवून थेट पाण्यावरच झोपड्या उभारल्या. किनाऱ्याची उणीव झाकायला काढलेली ही युक्ती आज उत्तम वाळू असलेल्या बेटांवरही सगळ्यांत महाग खोली म्हणून विकली जाते.

मालदीवने तर निवडीचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला. 1972 मध्ये तिथलं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, राजधानी मालेजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर सुरू झालं. त्यातून ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही पद्धत रुजली: पाहुणे एका बेटावर, वस्ती दुसऱ्या. जेवण, बार, पोहणं, सगळं एकाच मालकाकडे. बाहेर पडून स्वस्त खानावळ शोधायची सोयच नाही. 2009 नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या गावात कमी पैशांत राहता येऊ लागलं. तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत वावरायला किनाऱ्याचा तुकडा आखून दिलेला असतो.

सुरुवातीची रिसॉर्टं विमानतळापासून बोटीने गाठता येतील अशा अंतरातच होती. लांबच्या प्रवाळबेटांवर मुक्काम सोपा झाला तो समुद्री विमानांमुळे, आणि ती फक्त दिवसाउजेडी उडतात. त्यामुळे संध्याकाळी उशिरा उतरणाऱ्याने कितीही लांबचं बेट निवडलेलं असो, त्याची पहिली रात्र बहुधा माले किंवा विमानतळाशेजारच्या हुलहुमाले बेटावरच जाते.