मोरीचे पाणी परसात सोडण्यापूर्वी

पाणी जपायला मराठवाड्याला कुणी शिकवावे अशी स्थिती नाही. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरला तर नाहीच. धुण्याभांड्यांचे पाणी बादलीत धरून परसातल्या झाडांना घालणे ही इथल्या अनेक घरांची चांगली सवय आहे. मात्र प्रत्येक पाणी प्रत्येक मातीला मानवत नाही, आणि आपली काळी माती या बाबतीत फारच चोखंदळ आहे.

या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि दोन धनभार असलेले कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्यांना एकत्र धरून ठेवतात. त्यामुळे माती रवाळ राहते व तिच्यात हवा-पाणी खेळते. कपडे धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, बराच असतो. ते पाणी वर्षानुवर्षे एकाच जागी पडत राहिले की सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतो. पण त्याच्यावर एकच धनभार असल्याने कणांची पकड सुटते, सुटे झालेले कण पोकळ्या बुजवतात, आळ्यात पाणी तुंबून राहते आणि वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. शेतात असे झाले की त्या जमिनीला चोपण म्हणतात आणि ती सुधारण्यासाठी जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिज टाकावे लागते. कुंडीत तर हे त्याहून लवकर घडते.

म्हणून डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी झाडांना निर्धास्तपणे घालावे, कपड्यांचे मात्र शेवटच्या खळबळण्याचेच. आरओ या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी फसवे असते. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि ४ लिटरांतून १ लिटर शुद्ध पाणी मिळत असेल, तर उरलेल्या ३ लिटरांत ते प्रमाण सुमारे १,०६० होते. हे पाणी फरशी पुसायला किंवा संडासात वापरावे.

उरलेल्या साबणाच्या पाण्यासाठी शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, हवा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गाव अशा खड्ड्यांसाठी ओळखले जाते. खड्डा आड किंवा बोअरपासून लांब घ्यावा आणि मुरूम लागेपर्यंत खोदावा, कारण काळ्या मातीतच थांबलेला खड्डा वर सांगितलेल्या कारणानेच पाणी पिणे बंद करतो. खड्ड्यात खाली मोठे आणि वर लहान दगड भरावेत; मोरीचे पाणी आधी गाळ अडवणाऱ्या छोट्या टाकीत घ्यावे आणि तिथून खड्ड्यात सोडावे. तिच्यात साचलेले केस, खरकटे आणि साबणाचा चोथा वेळोवेळी काढावा लागतो, आणि ते काम घरात नेमके कोणाचे हे खड्डा खोदण्याआधीच ठरलेले बरे.